काचपेटीतला पहारेकरी

जाड महोगनी लाकडाच्या पाटावर बसवलेली काचेची पेटी. आत पातळ धातूच्या, चपट्या, अंगावर गोल वळ्या असलेल्या सात-आठ डब्या एकावर एक रचलेल्या, स्वयंपाकघरातल्या उतरंडीसारख्या. या उतरंडीच्या माथ्याशी जोडलेल्या तरफांमधून एक लांब, सडपातळ दांडा निघतो. त्याच्या टोकाला शाईचा एकच थेंब धरून ठेवणारी इवलीशी त्रिकोणी लेखणी. ही लेखणी टेकते एका उभ्या ढोलावर, आणि ढोलाला गुंडाळलेला असतो आखीव कागद. ढोलाच्या पोटात घड्याळाचे यंत्र. सोमवारी सकाळी चावी द्यायची, कागद बदलायचा, लेखणीत शाईचा थेंब सोडायचा आणि झाकण लावायचे. पुढचे सात दिवस ढोल आपल्या गतीने एक फेरा पुरा करतो आणि लेखणी कागदावर एक अखंड जांभळी रेष ओढत राहते.

हा बॅरोग्राफ. मराठी परिभाषेत वायुदाबलेखक. शंभर वर्षांपूर्वी दूरच्या सफरीला निघणाऱ्या जहाजांवर, बंदरांच्या कचेऱ्यांत आणि वेधशाळांत त्याला मानाची जागा होती. आज तो जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि संग्रहालयांत भेटतो. पितळेची झळाळी आणि लाकडाची कारागिरी पाहून लोक तो शोभेसाठी विकत घेतात. शोभा त्याच्याजवळ आहेच. पण हे यंत्र जन्माला आले ते माणसे बुडू नयेत म्हणून, आणि त्याची खरी गोष्ट त्या जांभळ्या रेषेत आहे.

हवेचे ओझे

आपण हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो. समुद्रसपाटीवर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टन हवेचे ओझे असते. ते सगळ्या बाजूंनी सारखे असल्यामुळे आपल्याला जाणवत नाही. हे ओझे पहिल्यांदा डोळ्यांना दिसले ते इटलीत, १६४३-४४ च्या सुमारास. गॅलिलिओचा शिष्य एव्हान्जेलिस्टा टॉरिचेली याच्या प्रयोगात पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली गेली. नळीतला पारा थोडा खाली आला आणि सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर थांबला. भांड्यातल्या पाऱ्यावर बाहेरची हवा जेवढी दाबत होती, तेवढ्याच उंचीचा स्तंभ नळीत तोलून धरला गेला होता.

चार वर्षांनी फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने, फ्लोराँ पेरिएने, ही नळी प्युई द डोम या डोंगरावर नेली. तारीख होती १९ सप्टेंबर १६४८. माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा सुमारे आठ सेंटिमीटर खाली उतरला. वर गेले की डोक्यावरची हवा कमी होते, हे सिद्ध झाले.

पण एक गोष्ट डोंगर न चढताही दिसत होती. नळी एकाच जागी ठेवली तरी पारा रोज थोडा वरखाली होई, आणि पाऊसवाऱ्याच्या आधी बहुधा खाली येई. जर्मनीतल्या माग्डेबुर्गचा ऑटो फॉन गेरिके याने १६६० मध्ये दाब अचानक उतरलेला पाहून वादळाचे भाकीत केले आणि ते खरे ठरले. वादळ म्हणजे हवेच्या समुद्रातला खळगा. तो दूर असतानाच त्याची कड आपल्या डोक्यावरून सरकू लागते, आणि आकाश निरभ्र असले तरी ओझे हलके होऊ लागते. डोळ्यांच्या आधी पाऱ्याला कळते ते यामुळेच.

डुलणाऱ्या जहाजावर

ही खबर सगळ्यात जास्त हवी होती ती दर्यावर्दींना. जमिनीवरच्या माणसाला वादळात घराचा आसरा असतो. शिडाच्या जहाजाला वेळेवर शिडे उतरवणे, किनाऱ्यापासून दूर सरकणे किंवा बंदर गाठणे एवढेच उपाय होते, आणि त्या प्रत्येकाला काही तास लागत.

अडचण अशी की पाऱ्याची नळी जहाजावर नीट चालेना. जहाज लाटेवर चढले-उतरले की पाराही नळीत वरखाली उसळे. कधी तो काचेच्या टोकावर आदळून नळीच फुटे. आकडा वाचायचा तरी कोणता? इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक सतराव्या शतकातच समुद्रावर चालेल अशा उपकरणाच्या खटपटीत होता. चांगला उपाय सापडला तो पुढच्या शतकात. लंडनचा उपकरण-कारागीर एडवर्ड नेर्न याने नळीचा खालचा भाग केसासारखा अरुंद केला. पाऱ्याला त्यातून हळूहळूच वाट काढावी लागे, त्यामुळे लाटेचे हिसके विरून जात आणि हवेचा खरा बदल तेवढा वर पोचे. नळी एकात एक फिरणाऱ्या कड्यांमध्ये टांगलेली असे, म्हणजे जहाज कितीही कलले तरी ती उभीच राही. कॅप्टन जेम्स कुक १७७२ मध्ये दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा नेर्नची अशी उपकरणे त्याच्याबरोबर होती. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा नकाशा काढणाऱ्या मॅथ्यू फ्लिंडर्सने वारा समुद्रावरून येतो की जमिनीवरून, याचा पाऱ्याशी असलेला संबंध टिपला आणि त्याचा निबंध १८०६ मध्ये रॉयल सोसायटीने छापला.

अशा रीतीने आकडा हाती आला. त्या आकड्याचे करायचे काय, हे ज्याने साऱ्या किनाऱ्याला शिकवायचा ध्यास घेतला तो माणूस म्हणजे रॉबर्ट फिट्झरॉय.

फिट्झरॉयचे शंकू

चार्ल्स डार्विनला १८३१ ते १८३६ या काळात जगभर फिरवून आणणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचा कप्तान, एवढीच फिट्झरॉयची ओळख अनेकांना असते. त्याचे नंतरचे मोठे काम मात्र हवेशी जोडलेले होते. ब्रुसेल्सला १८५३ मध्ये दर्यावर्दी देशांची परिषद भरली आणि जहाजांनी हवामानाच्या नोंदी एकाच पद्धतीने ठेवाव्यात असे ठरले. त्यानंतर १८५४ मध्ये ब्रिटनने हवामानाच्या नोंदी गोळा करणारा छोटा विभाग सुरू केला आणि तो फिट्झरॉयकडे सोपवला. आजच्या ब्रिटिश हवामान खात्याचे मूळ हेच. विभागाचे काम होते जहाजांना तपासलेली उपकरणे देणे आणि त्यांच्या रोजनिशीतल्या नोंदी जमवणे. तोफांच्या हादऱ्याने काच फुटू नये म्हणून फिट्झरॉयने नळीभोवती रबराचे अस्तर असलेला खास नमुनाही घडवून घेतला.

मग १८५९ च्या ऑक्टोबरात ‘रॉयल चार्टर’ बुडाले. मेलबर्नहून लिव्हरपूलला निघालेले हे जहाज ऑस्ट्रेलियात सोने कमावून घरी परतणाऱ्या माणसांनी भरलेले होते. प्रवास संपत आला असताना वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ वादळाने ते खडकांवर आपटले. किनारा हाकेच्या अंतरावर दिसत असताना सुमारे ४५० माणसे गेली. त्याच वादळात ब्रिटनच्या किनाऱ्याभोवती १३३ जहाजे नष्ट झाली.

फिट्झरॉयने त्या वादळाच्या नोंदी जमवून नकाशावर मांडल्या. वेगवेगळ्या ठिकाणचा दाब केव्हा उतरला हे लावून पाहिले, तेव्हा वादळ कुठून कुठे सरकले ते स्पष्ट दिसले. एका गावातला उतरता दाब पुढच्या गावासाठी इशारा होता, आणि तो इशारा वादळाच्या आधी पोचवू शकेल अशी तारयंत्रे तेव्हा नुकतीच देशभर पसरली होती. फेब्रुवारी १८६१ पासून त्याने बंदरांना वादळाचे इशारे धाडायला सुरुवात केली. तार आली की बंदरावरच्या डोलकाठीवर कापडाचे काळे शंकू आणि ढोल चढवले जात. शंकूचे टोक वर की खाली यावरून वारा कोणत्या दिशेने येणार ते कळे. लिहिता-वाचता न येणाऱ्या कोळ्यालाही समजेल अशी ही भाषा होती. १ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये त्याचा पहिला सार्वजनिक हवामान अंदाज छापला गेला.

गरीब मच्छीमार गावांनाही त्याने वाचायला सोपी, मजबूत दाबमापके पुरवली. ती धक्क्याजवळ, सगळ्यांना दिसेल अशा जागी भिंतीत बसवली जात. होड्या सोडण्याआधी माणसे तिथे जमत, काल काय होते आणि आज काय आहे हे पाहत.

अंदाज चुकत तेव्हा वृत्तपत्रे आणि शास्त्रज्ञ दोघेही फिट्झरॉयवर टीका करत. पैशाची तंगी, ढासळलेली प्रकृती आणि सततचा ताण यांनी तो खचला. ३० एप्रिल १८६५ रोजी त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. पुढच्या वर्षी इशारे बंद करण्यात आले, पण खलाशी आणि मच्छीमारांनी ते परत मागितले आणि १८६७ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. ज्यांचा जीव त्या शंकूंवर अवलंबून होता त्यांनी दिलेला तो न्याय होता.

तरीही इशारा डोळ्यांपुढे असूनही माणूस समुद्रात जातो. १४ ऑक्टोबर १८८१ ची सकाळ. स्कॉटलंडच्या आयमाउथ गावात आभाळ स्वच्छ आणि समुद्र शांत होता. खराब हवेमुळे होड्या कित्येक दिवस बंदरात अडकलेल्या, घरात पैसा नाही, आमिषाचे मासे सडून जायची वेळ आलेली. धक्क्यावरच्या दाबमापकातला आकडा फार खाली होता. तो पाहूनही होड्या निघाल्या. दुपारी एकाएकी अंधारले आणि वादळ कोसळले. त्या किनाऱ्यावरचे १८९ मच्छीमार मेले, त्यांतले बरेचसे आपल्या बंदराच्या तोंडाशी, बायकामुलांच्या डोळ्यांदेखत. दाबमापकाने आपले काम केले होते. पोटाची ओढ त्या आकड्यापेक्षा बलवान ठरली.

आकडा विसरतो, रेष विसरत नाही

भिंतीवरच्या दाबमापकाची एक मोठी उणीव होती. ते फक्त ‘आत्ता’ सांगते. दाब १००४ हेक्टोपास्कल (हे दाबाचे एकक) आहे असे कळले, तर त्यातून काय समजायचे? रात्रभर तो १००४ वरच असेल तर काळजीचे कारण नाही. तीन तासांत १०१२ वरून १००४ वर आला असेल तर शिडे उतरवायची वेळ झाली आहे. धोका आकड्यात कमी आणि उतरणीत जास्त असतो. ही उतरण कळायची तर कोणीतरी दर तासाला उठून आकडा वाचायला हवा, लिहायला हवा, आणि वादळी रात्री थकलेल्या खलाशाकडून नेमके हेच राहून जाई. म्हणून दाब स्वतःच आपला इतिहास लिहील असे यंत्र हवे होते.

त्याची कल्पना जुनी आहे. क्रिस्टोफर रेन आणि रॉबर्ट हूक यांनी सतराव्या शतकातच हवामान आपोआप नोंदवणाऱ्या घड्याळाचे आराखडे केले होते. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७६५ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याच्यासाठी वर्षभराचा दाब नोंदवणारे देखणे घड्याळ बनवले. त्याचेच दुसरे घड्याळ पुढे ल्यूक हॉवर्डकडे आले. ढगांना आजही वापरात असलेली नावे देणारा तो हाच हॉवर्ड. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्सिस रोनाल्ड्सने लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत पाऱ्याच्या उंचीची प्रकाशचित्रे सरकत्या कागदावर टिपली. ही सगळी यंत्रे उत्तम होती, पण पाऱ्यावर चालणारी, अवजड आणि महाग. जहाजावर त्यांचा उपयोग नव्हता.

मार्ग दाखवला नांत या फ्रेंच बंदरात जन्मलेल्या ल्युसियाँ विदी याने. त्याने पारा सोडूनच दिला. पातळ, वळ्यावळ्यांच्या धातूची हवाबंद डबी करायची आणि तिच्यातली हवा काढून टाकायची. बाहेरच्या दाबाने ती चेपली जाऊ नये म्हणून तिला स्प्रिंगचा आधार द्यायचा. दाब वाढला की डबी किंचित आवळते, कमी झाला की किंचित फुगते. ही हालचाल डोळ्यांना दिसणार नाही इतकी सूक्ष्म असते, पण तरफांनी ती कितीतरी पटींनी वाढवता येते. १८४४ मध्ये त्याने या रचनेचे पेटंट घेतले. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला निर्द्रव वायुदाबमापक म्हणतात. सांडायला पारा नाही, फुटायला लांब नळी नाही. ती जणू जहाजासाठीच घडली होती.

एका डबीची ताकद लेखणी ओढायला पुरत नाही. म्हणून डब्यांची उतरंड रचली गेली. प्रत्येक डबीची बारीक हालचाल पुढचीत मिळत जाते आणि माथ्याशी पुरेसा जोर तयार होतो. १८८० च्या सुमारास पॅरिसमधल्या रिशार बंधूंच्या कारखान्याने ही उतरंड, लांब दांडा आणि पोटात घड्याळ असलेला ढोल एकत्र आणून सुटसुटीत बॅरोग्राफ बाजारात आणला. ही रचना इतकी नेमकी होती की पुढची शंभर वर्षे तिच्यात मूलभूत फरक करावा लागला नाही.

जहाजासाठी तिच्यात काही खास सुधारणा झाल्या. इंजिनाची थरथर पोचू नये म्हणून पेटीखाली स्प्रिंगा आल्या. लाटेबरोबर लेखणी थरथरू नये म्हणून डब्यांची हालचाल तेलात संथ केली गेली. शाईत ग्लिसरीन मिसळलेले असे, त्यामुळे ती आठवडाभर सुकत नसे. लेखणी कागदाला इतकी हलकी टेकवायची की घर्षणाने ती अडकू नये, आणि इतकी अलगद सोडायचीही नाही की रेष तुटावी. कागदावरच्या वेळेच्या रेघा सरळ नसतात, त्या कमानीसारख्या वाकलेल्या असतात, कारण दांड्याचे टोक वरखाली होताना वर्तुळाचा तुकडा काढते.

रेष कशी वाचायची

हे शिकायला समुद्रावर जायची गरज नाही. उष्ण कटिबंधात, म्हणजे आपल्याकडेही, शांत हवेत बॅरोग्राफची रेष सपाट नसते. ती दिवसातून दोनदा श्वास घेतल्यासारखी वर येते आणि खाली जाते. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. फरक जेमतेम तीन हेक्टोपास्कलचा. सूर्य वातावरणातल्या बाष्पाला आणि उंचावरच्या ओझोनला तापवतो, त्यातून उठणारी ही हवेची भरती-ओहोटी आहे.

उष्ण समुद्रातल्या नाविकाला ही लय तोंडपाठ असावी लागते, कारण चक्रीवादळाची पहिली चाहूल तिच्या बिघडण्यातून लागते. दुपारी चारला दाब उतरला तर ते रोजचेच. पण सकाळी दहाला जिथे रेष वर यायला हवी तिथे ती आली नाही, तर काहीतरी बिनसले आहे. नाविकांचा जुना ठोकताळा सांगतो: त्या मोसमातल्या त्या वेळेच्या सरासरीपेक्षा दाब तीन हेक्टोपास्कलने खाली आला तर सावध व्हा, पाचने खाली आला तर वादळ जवळ आहे याबद्दल शंका ठेवू नका. जोडीला डच शास्त्रज्ञ बाइस बॅलॉट याचा १८५७ चा नियम असतो. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले की कमी दाबाचे केंद्र उजव्या हाताला, जरा मागे असते. एक रेष आणि चेहऱ्यावरचा वारा एवढ्यावर कप्तान आपण कुठे आहोत आणि कुठे पळायचे ते ठरवत असे.

प्रत्येक हवेची सही वेगळी असते. मोठे चक्रीवादळ रेषेत खोल दरी कोरते. आधी मंद उतार, मग कडा तुटल्यासारखी घसरण, केंद्र गेले की तितकीच तीव्र चढण. समुद्रसपाटीवरचा सरासरी दाब सुमारे १०१३ हेक्टोपास्कल. पॅसिफिक महासागरातल्या ‘टिप’ या वादळात ऑक्टोबर १९७९ मध्ये तो ८७० पर्यंत उतरला होता. आजवर समुद्रावर नोंदलेला हा नीचांक. दाब एका हेक्टोपास्कलने कमी झाला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटर वर उचलली जाते. म्हणजे ती दरी कागदावर जेवढी खोल, तेवढेच पाणी खाली किनाऱ्याकडे फुगत असते.

वळवाच्या पावसाची सही अगदी उलटी. ढगातून थंड, जड हवेचा लोंढा खाली कोसळतो आणि रेष एकदम पायरी चढल्यासारखी वर उडी घेते. गार वाऱ्याचा झोत अंगावर येतो, धुळीचे लोट उठतात, त्याच मिनिटांची ही पायरी असते.

कधी या रेषेवर सगळी पृथ्वी उमटते. २७ ऑगस्ट १८८३ रोजी इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याची दाबलहर जगभर पसरली, पलीकडच्या बाजूला एकवटली आणि परत फिरली. पुढच्या पाच दिवसांत दूरदूरच्या वेधशाळांच्या कागदांवर ती जाता-येता सात वेळा उमटली. पृथ्वीला प्रदक्षिणा घातलेली लाट या रेषांनी टिपून ठेवली होती.

आपल्या किनाऱ्यावर

‘सायक्लोन’ हा जगभर रुळलेला शब्द कोलकात्यात घडला. तिथल्या सागरी न्यायालयाचे काम पाहणाऱ्या हेन्री पिडिंग्टनने बुडालेल्या आणि वाचलेल्या जहाजांच्या रोजनिश्या तपासल्या. त्यांतले वारा आणि दाबाचे आकडे नकाशावर मांडल्यावर वादळाचा वारा वेटोळे घालतो हे त्याला दिसले. १८४८ मध्ये त्याने खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात शिंगाच्या पारदर्शक चकत्या जोडल्या होत्या. नकाशावर चकती ठेवायची आणि वादळाचे केंद्र कुठे असेल ते पाहायचे. पुढे ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने कोलकाता आणि हुगळीच्या काठी सुमारे ६०,००० माणसांचा बळी घेतला. त्यानंतर तिथल्या बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्यांची व्यवस्था झाली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले.

मुंबईत त्याआधीच काम सुरू होते. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये बांधली आणि १८४१ पासून तिथे हवामान व चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. त्या सुरुवातीच्या काळात प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली केरो लक्ष्मण छत्रे हा किशोरवयीन मराठी मुलगा साहाय्यक म्हणून होता. लोकमान्य टिळकांचे गुरू आणि गणिती म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या केरूनानांची जडणघडण अशा तासातासाच्या निरीक्षणांत झाली. १८९६ मध्ये नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

अशा सलग नोंदींचे मोल किती, हे एका उदाहरणावरून कळते. ‘जून १८८२ मध्ये मुंबईवर महाभयंकर चक्रीवादळ आले आणि एक लाख माणसे मेली’, हे वाक्य कित्येक पुस्तकांत आणि याद्यांत वर्षानुवर्षे छापले जात होते. २०१९ मध्ये अमेरिकी आणि भारतीय संशोधकांनी मुंबईच्या चक्रीवादळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांचा निष्कर्ष होता की असे वादळ झालेच नाही. विचार केला तर हे पटते. १८८२ पर्यंत कुलाब्याच्या नोंदींना चार दशके झाली होती. शहराच्या माथ्यावरून असे वादळ गेले असते तर त्या वहीत खोल दरी उमटल्याशिवाय राहिली नसती. अफवा पुस्तकांतून पुस्तकांत जाते. दाब मात्र जे घडले तेच सांगतो.

फिट्झरॉयचे शंकू आणि ढोलही आपल्या किनाऱ्यावर अजून आहेत. वादळाची चिन्हे दिसली की बंदरावर बावटा लागतो. कोकणातल्या कोणत्याही तांडेलाला ‘तीन नंबरचा बावटा’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. आपल्याकडे या इशाऱ्यांचे अकरा क्रमांक आहेत. दिवसा शंकू आणि दंडगोल, रात्री लाल-पांढरे दिवे, ही त्यांची खूण.

रडारच्या काळातला धडा

यंत्रे सुधारली म्हणून या साध्या रेषेची गरज संपली, असे १९४४ मध्ये अनेकांना वाटत असावे. अमेरिकेचा तिसरा आरमारी काफिला अ‍ॅडमिरल विल्यम हॉल्सी यांच्या हुकमतीखाली फिलिपिन्सच्या पूर्वेला लढत होता. त्यांच्याकडे रडार होते, बिनतारी संदेश होते, हवामानतज्ज्ञ होते. १८ डिसेंबरला हा काफिला चक्रीवादळाच्या तोंडात सापडला. ‘हल’, ‘मोनाघन’ आणि ‘स्पेन्स’ या तीन विनाशिका उलटल्या. सुमारे ७९० नौसैनिक बुडाले.

दोन महिन्यांनी, फेब्रुवारी १९४५ मध्ये, अ‍ॅडमिरल चेस्टर निमिट्झ यांनी साऱ्या पॅसिफिक आरमाराला एक पत्र लिहिले. आपल्या जहाजाची काळजी वाहायला दूरचे केंद्र आहे, असे मानून कप्तानाने निर्धास्त राहू नये, हा त्याचा गाभा. शिडाच्या काळातला कप्तान दाब, वारा आणि लाट यांच्या प्रत्येक बदलाकडे डोळ्यांत तेल घालून पाही. ती सवय सुटता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. पत्र नौदलांच्या शिक्षणात आजही वाचले जाते.

पहाऱ्याचा वारसा

आता दाब मोजायला इलेक्ट्रॉनिक संवेदक आहेत. पाऱ्याच्या विषारीपणामुळे मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानुसार पाऱ्याच्या दाबमापकांचे उत्पादन २०२० नंतर थांबवायचे ठरले. बॅरोग्राफची पेटी वेधशाळांतून हळूहळू बाजूला झाली. तिची दृष्टी मात्र कायम आहे. जगभरची जहाजे हवामानाचा जो सांकेतिक संदेश पाठवतात, त्यात दाबाच्या आकड्यासोबत गेल्या तीन तासांतला बदल आणि त्या रेषेचा आकारही कळवावा लागतो: चढून स्थिरावली, उतरून वर आली, की सलग उतरते आहे. तो आकार पूर्वी बॅरोग्राफच्या कागदावरूनच वाचला जाई.

जुने कागदही अजून बोलतात. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘ओल्ड वेदर’ या उपक्रमात हजारो स्वयंसेवकांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश युद्धनौकांच्या रोजनिश्या वाचून त्यांतले दाबाचे आकडे संगणकात भरले. आज शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या दिवसाचे हवामान पुन्हा उभे केले जाते ते अशा नोंदींच्या आधाराने. हवामान किती बदलले हे सांगायचे तर आधी ते कसे होते ते कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कितीतरी घरे पिढ्यानुपिढ्या जहाजांवर काम करत आली आहेत. तुमच्या घरात आजोबांच्या पेटीत जहाजाची रोजनिशी असेल, जांभळ्या रेषेचे आखीव कागद असतील, माळ्यावर अशी काचपेटी असेल, तर पितळ विकून कागद रद्दीत टाकू नका. कागदावरची तारीख आणि जहाजाचे नाव जपा, फोटो काढून ठेवा, जवळच्या संग्रहालयाला किंवा महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला दाखवा. पेटी पुन्हा बनवता येईल, तो आठवडा पुन्हा येणार नाही.

आणि ज्यांच्याकडे यांतले काही नाही त्यांच्यासाठीही एक काम आहे. अनेक मोबाइल फोनमध्ये आता दाबाचा संवेदक असतो. एक आठवडा पहाटे चार, सकाळी दहा, दुपारी चार आणि रात्री दहाला तो आकडा वहीत लिहा, आणि सातव्या दिवशी ठिपके जोडा. पहाटेचे चार जमले नाही तर उरलेल्या तीन वेळाही पुरतील. हवेची भरती-ओहोटी तुमच्या वहीत उमटलेली दिसेल. पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या सकाळी दहाला रेष वर आली नाही, तर बंदरावर कोणता बावटा लागला आहे त्याची चौकशी करा.